अठ्ठावीस अंश

उल्हासनगरात कॅम्प तीनच्या त्या गल्लीतल्या दालपकवानवाल्याला अक्षरांतलं जेवढं कळायचं तेवढं मला त्या काळात कळत नव्हतं, हे आधीच कबूल केलेलं बरं. आणि पगार मात्र अक्षरांचा मी घेत होतो.

दालपकवानवाल्याला कळायचं ते काकांमुळे. काका एखादं अक्षर काढायचे ते टेबलावर बघून त्यांचं समाधान व्हायचं नाही. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी तो कागद ते आमच्या ऑफिसच्या खिडकीच्या गजांना लावायचे, जिना उतरायचे, रस्ता ओलांडायचे आणि दालपकवानच्या गाडीशेजारी उभं राहून, चष्मा कपाळावर चढवून वर बघायचे. मग तिथूनच आरडाओरडा.

"इंजिनेर, उलटा लाव!"

इंजिनेर म्हणजे मी. कल्याणला सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि त्याचं सर्टिफिकेट कुळगावच्या आमच्या घरात आईने देवांच्या शेजारी फ्रेम करून लावलं होतं. मी कागद काढून डोकं खाली पाय वर असा लावायचो. रिक्षावाले हॉर्न मारून काकांना बाजूला करायचे. दालपकवानवाला हातातला डाव तसाच धरून वर बघायचा आणि म्हणायचा, "काका, पेट भारी लगता है इसका." काका त्याच्याकडे वळायचे, पुन्हा वर बघायचे आणि मान्य करायचे. वर येऊन पोट कमी करायचे.

हे सगळं हसत सांगतोय खरं, पण या माणसाचं अक्षर काढणं मी बंद पाडलं. भांडून नाही, वाईट चिंतून नाही. मदत करायला गेलो होतो.

आमचं ऑफिस म्हणजे लग्नपत्रिकांच्या दुकानावरची एक खोली. मालक सिंधी, आम्ही त्याला सेठ म्हणायचो. सेठचे वडील उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी सिंधी वाचायचे. सेठला स्वतःला त्यातलं अक्षर येत नव्हतं. पण कॅम्पातली जुनी मंडळी पत्रिका त्याच लिपीत मागायची, आणि हाताने लिहिणारे एकेक करून संपत चालले होते. म्हणून सेठने कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर अक्षरं तयार करून घ्यायला सुरुवात केली. काका कागदावर अक्षर काढायचे, मी ते स्कॅन करून, माउसने त्याच्या कडेकडेने ठिपके ठोकून कॉम्प्युटरमध्ये चढवायचो. हळूहळू मराठी, गुजराती अक्षरांचीही कामं येऊ लागली.

काका मोरिवलीचे. तरुणपणी पंधरा वर्षं गिरगावातल्या एका टाइप फाउंड्रीत शिशाच्या अक्षरांचे साचे कोरत होते. फाउंड्री बंद पडली तेव्हा बाकीच्यांनी वर्गणी काढून चहा-फरसाण केलं म्हणे, आणि काका आपली कोरायची हत्यारं धोतराच्या फडक्यात बांधून घरी घेऊन आले. घरात पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती, तिच्याखाली ते फडकं. नंतर बरीच वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पेन्सिल ब्लेडने तासायचे ती इतकी की शिसं इंचभर बाहेर यायचं, आणि ती कानावर ठेवून चालायचे. एकदा वळून बोलताना त्यांनी मला गालावर टोचलं होतं. त्याची खूण आहे अजून. मी लोकांना ती मांजराची म्हणून सांगतो.

वाकडं अक्षर दिसलं की त्यांच्या पोटात दुखायचं. हे मी अलंकार म्हणून सांगत नाही. कॅम्पातल्या एका मिठाईवाल्याच्या पाटीवरच्या 'मिठाई'तला ठ त्यांना इतका त्रास द्यायचा की ते त्या रस्त्याने जायचंच टाळत. शेवटी एका दुपारी, मालक गल्ल्यावर डुलकी काढत असताना, काकांनी शेजारच्या इलेक्ट्रिकवाल्याची शिडी घेतली, आणि चढून ठ पुसून नव्याने काढला. मालक जागा झाला.

"ए! ये क्या कर रहा है ऊपर?"

"तुमच्या ठ ला बरं नव्हतं," काका शिडीवरून म्हणाले.

प्रकरण सेठपर्यंत आलं. सेठने हात जोडले, मिठाईवाला शिव्या देऊन गेला. आठ दिवसांनी तोच परत जिना चढून वर आला आणि चेहरा पाडून म्हणाला, "साईं, उस बुढ्ढे को बोलो बाकी का भी कर दे. अब वो एक ही अच्छा दिखता है, बाकी सब बीमार लगते हैं."

काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "अक्षर उभं नसतं रे. चालता चालता थांबलेलं असतं. कुठल्या पायावर थांबलंय ते बघ." ते असं म्हणाले की मी मान डोलवायचो. कुठल्याच पायावर मला काही दिसायचं नाही. माझ्या लेखी अक्षर म्हणजे ठिपके, आणि जितके ठिपके कमी तितका मी हुशार.

एक्क्याण्णव साली सेठ एका सकाळी हातात कागद नाचवत आला. "थाना का काम आया है!" मला वाटलं ठाण्याच्या कुठल्या कचेरीचं असणार, म्हणजे आता चकरा मारून जीव जाणार. कागदावर इंग्रजीत तसंच काहीसं लिहिलं होतं. थाना ही निघाली मालदीवची लिपी. मुंबईतल्या कुणा कागदवाल्याने सांगितलं होतं की उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरं उल्हासनगरात बनतात. काम घेऊन आलेला माणूस आठवड्याभरात स्वतःच हजर झाला. तिकडच्या राजधानीत, मालेतल्या शाळेत शिकवायचा, आणि शाळेची पुस्तकं छापून घ्यायला आला होता. हिंदी सिनेमांवर शिकलेली हिंदी बोलायचा, त्यामुळे साधं पाणी मागतानाही नायकासारखा मागायचा. आम्ही त्याला पाहुणे म्हणायचो.

पाहुण्यांनी दोन वस्तू आणल्या. एक, लाकडाच्या ढलपीसारखं काहीतरी काळंकुट्ट. मला वाटलं तिकडची कारागिरी असेल, म्हणून मी ते खिडकीच्या फळीखाली पाचर म्हणून ठोकलं. चार दिवस मांजरं खिडकीपाशी का जमतात ते कळेना. तो वाळवलेला, धुरावलेला मासा होता, खास काकांसाठी भेट आणलेला. पाहुणे आले तेव्हा त्यांनी तो ओळखला. काकांनी पाचर काढली, फडक्यात गुंडाळली, घरी नेली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "काकी म्हणते, सुकटीचा मोठा भाऊ आहे. खोबऱ्यात घातला. इंजिनेर, तुला नाही मिळणार."

दुसरी वस्तू म्हणजे पाहुण्यांच्या वडिलांची वही. वडील गावात मुलांना लिहायला शिकवायचे. त्या वहीतली अक्षरं सुटी सुटी होती, एकमेकांना न जोडलेली, आणि सगळी कललेली. प्रत्येकाच्या डोक्यावर नाहीतर पायाशी स्वरांच्या छोट्या तिरक्या रेघा. पाहुण्यांनी काकांना शेजारी बसवून पहिली नऊ अक्षरं दाखवली. "ये पहले एक था. ये दो था. ये तीन था. सब गिनती के अंक थे, बाद में हरफ़ हो गए."

काका इतके खूष झाले की उठून खोलीत एक चक्कर मारून आले. "आकडे होते? आकडे चालायला लागले म्हणून कलले असणार!" मग पाहुण्यांचा हात धरून विचारलं, "और आपको क्या मंगता है? ऐसाच?"

पाहुण्यांना तसंच नको होतं, हीच तर अडचण होती. त्यांच्याकडे टाइपरायटरवरची आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांमधली अक्षरं सरळ, ताठ, एकाच जाडीची झाली होती. मुलांना तीच आवडायची. वडिलांच्या हाताची वही मुलांना जुनाट वाटायची, आणि वडिलांना ती ताठ अक्षरं अक्षरंच वाटायची नाहीत. ते छापलेलं पान हातात घेऊन म्हणायचे, हे कुणी लिहिलंय, पोलिसाने?

"काका," पाहुणे म्हणाले, "मेरा बेटा भी पढ़े, और मेरे अब्बा भी पढ़ें. एक ही किताब. अब्बा अस्सी के हैं. बस इतना."

काकांनी 'बस इतना' ऐकलं आणि पुढचे तीन महिने घेतले.

पहिला महिना त्यांनी एकही अक्षर काढलं नाही. चौरेघी वही आणली आणि पहिलीच्या पोरासारखं ती लिपी गिरवायला बसले. पाहुणे मुंबईच्या लॉजवरून दोन-तीन दिवसांनी यायचे तेव्हा काका वही पुढे करायचे आणि पाहुणे लाल पेनने खुणा करायचे. एकदा पानाखाली शाबासकी लिहून मिळाली तर काकांनी ते पान दालपकवानवाल्याला नेऊन दाखवलं. सेठ वैतागला. "काका, बनाना है कि पढ़ना है?" काका म्हणाले, "ज्याला लिहिता येत नाही त्याने ते काढू नये, सेठ. खोटं पडतं."

मग काढायला बसले. जाडी त्यांनी वहीतल्या बोरूची ठेवली नाही, सगळीकडे एकसारखी, आजची ठेवली. टोकं साफ केली. पण कल ठेवला. पेन्सिलीचे पहिले कागद गजांना लागले तेव्हा पाहुणे आलेले होते. काकांनी त्यांना खाली नेलं. मी वरून बघत होतो. पाहुणे रस्त्याच्या कडेला उभे राहून वर बघत राहिले, आणि मग त्यांनी रुमाल काढला. काका त्यांच्या पाठीवर थोपटत होते आणि दालपकवानवाला विचारत होता, "क्या हुआ? कुछ गलत हुआ क्या?"

काही गलत झालं नव्हतं. ते व्हायचं होतं, आणि ते काम माझ्याकडे होतं.

पाहुणे महिन्याभरासाठी मालेला गेले. काकांनी शाईने पक्के केलेले कागद माझ्याकडे आले. मी ठिपके ठोकायला घेतले, आणि माझ्यातला इंजिनेर जागा झाला. मी कोनमापक आणला. प्रत्येक अक्षराची मुख्य रेघ किती कललीय ते मोजलं. एक चोवीस अंश. दुसरं एकतीस. तिसरं सव्वीस. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. स्वरांच्या रेघा तर आणखीच भलतीकडे.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. काकांना साखरेचा त्रास होता हे मला माहीत होतं. बशीत चहा ओतताना त्यांचा कप कडेला खणखणायचा तेही मी बघितलं होतं. मी ठरवून टाकलं की त्यांचा हात हलतोय. म्हातारा माणूस, आयुष्यभर काम केलेलं, आता हे सेठला कळलं तर? पाहुण्यांना कळलं तर? गुपचूप सांभाळून घ्यावं. कॉम्प्युटरमध्ये अक्षर कलवायची सोय होती, आकडा टाकला की झालं. मी सगळ्यांची सरासरी काढली. अठ्ठावीस आली. सगळी अक्षरं अठ्ठावीस अंशांवर आणली, रेघांसकट. दोन दिवसांचं काम. त्या संध्याकाळी घरी जाताना मी इतका समाधानी होतो की आईसाठी जिलबी घेऊन गेलो.

लेझर प्रिंटरमधून पहिलं पान निघालं. सेठने ते उजेडाकडे धरलं. "वाह! एकदम फॉरेन!" परत आलेल्या पाहुण्यांनी पान हातात घेतलं, खालून वर बघितलं, वरून खाली बघितलं. "साफ़ है," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने पुन्हा, "बहुत साफ़ है." भला माणूस, तक्रार कशी करतात ते त्याला येत नव्हतं. फ्लॉपी घेतली आणि नमस्कार करून गेला.

काकांनी पान घेतलं, गजांना लावलं आणि खाली गेले. मी खिडकीतच होतो. ते रस्त्यापलीकडे उभे राहिले. चष्मा वर केला. खाली केला. पुन्हा वर केला. या वेळी उलटा लाव म्हणून ओरडले नाहीत.  एक ट्रक मध्ये येऊन उभा राहिला आणि गेला, तरी ते तिथेच.

वर आले तेव्हा दम लागला होता. माझ्या टेबलाजवळ येऊन हळू विचारलं, "हे माझंच आहे?"

तिथे सांगायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, काका, मी जरा सारखं केलंय. पाच शब्दांचं काम होतं. पण सेठ समोर बसला होता, फॉरेनच्या आनंदात. आणि मी सांगितलं असतं तर काकांचा हात हलतो हेही सांगावं लागलं असतं, असं मला वाटलं. म्हणजे मी त्यांच्या भल्यासाठीच बोललो.

"हो काका. तुमचंच. जसंच्या तसं."

"मशीनने काही बदललं नाही?"

"मशीन कसं बदलेल, काका?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "कागद आहेत का माझे?"

"सेठच्या कपाटात. काढून ठेवतो उद्या," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद मागितले नाहीत. मीही काढले नाहीत.

मला नंतर काकींकडून कळलं की त्याच महिन्यात मोरिवलीत कुठल्याशा शिबिरात डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, साखर डोळ्यांपर्यंत जाते, जपा. त्यांनी ते ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. डोळे कधी जातात याची ते नुसते वाट बघत होते. आणि मी त्यांच्या हातात तो कागद दिला. काढताना प्रत्येक अक्षर त्यांना आपल्या पायावर थांबलेलं दिसलं होतं, आणि छापून आली ती फौज. मग चुकलं ते काय? डोळाच.

पंधरा दिवसांत त्यांनी काम सोडलं. सेठने थांबवायचा प्रयत्न केला, अगदी मनापासून. "काका, बैठके खाली देखो, बनाओ मत, पर बैठो इधर." काकांनी मान हलवली. जाताना चिमटे मला देऊन गेले.

पत्र आलं ते पुढच्या वर्षी. पाहुण्यांचं, सेठच्या नावावर, इंग्रजीत, म्हणून ते वाचायला माझ्याकडे आलं. पुस्तक छापून झालं होतं. मुलं वाचतात. पण अब्बा तीन ओळी वाचतात आणि खाली ठेवतात. म्हणतात, सगळे एकाच बाजूला पळताहेत, माझं बोट कुठे ठेवू? आणि शेवटी लिहिलं होतं की त्या दिवशी रस्त्यावरून मी खिडकीत अब्बांचा हात बघितला होता. तो हात पुस्तकात का आला नाही?

मी सेठच्या कपाटातून काकांचे कागद काढले. पहिल्यांदा कोनमापक न घेता बघितले. उंच अक्षरं कमी कलली होती. बुटकी जास्त. ज्याच्या डोक्यावर रेघ यायची ते जरा मागे रेललं होतं, रेघेला जागा देण्यासाठी. ज्याच्या पायाशी यायची ते जरा पुढे. गर्दीत माणसं एकमेकांना वाट देतात तशी ती अक्षरं एकमेकांना वाट देत होती. हात कुठेच हलला नव्हता. चोवीस तो चोवीसच हवा होता, एकतीस तो एकतीसच.

मी रविवारी ऑफिसात येऊन सगळी अक्षरं पुन्हा चढवली. एकही आकडा टाकला नाही. सात रविवार गेले. फ्लॉपी मालेला पाठवली, सेठला न सांगता. याबद्दल मला थोडा अभिमान वाटायचा तेही सांगून टाकतो. चोराने माल परत ठेवावा आणि वर स्वतःची पाठ थोपटावी, तसा.

त्र्याण्णव साली नवं पुस्तक आलं. दोन प्रती. सोबत चिठ्ठी, अब्बांनी पूर्ण वाचलं, एक प्रत काकांना द्या. मी ती प्रत ड्रॉवरमध्ये ठेवली. या रविवारी जाऊ म्हणून.

त्यानंतर एकदा काका भेटलेसुद्धा. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर, माझ्या मावशीला दर्शनाला घेऊन गेलो होतो तेव्हा. ते वालधुनीच्या पुलाजवळ कट्ट्यावर बसले होते. मला लांबूनच ओळखलं, म्हणजे डोळे शाबूत होते.

"काय इंजिनेर! लग्नबिग्न?"

"नाही अजून, काका. तुम्ही काय काढताय सध्या?"

"छे. सोडलं ते. नातू म्हणतो हत्ती काढून दे, तोही नाही काढत." मग माझा हात धरून म्हणाले, "वेळेवर सोडलं रे, ते बरं झालं. डोळा आधी दगा देतो, आणि माणसाला कळतं शेवटी. नाहीतर मी पुढेही वाकडंतिकडं काढत राहिलो असतो आणि तुम्ही पोरं भिडेखातर गप्प बसला असता. मला मशीनने खरं सांगितलं. तुझे उपकार."

मावशी म्हणाली, "किती चांगला माणूस आहे." मी म्हणालो, "हो." नारळ घेतला आणि पुढे गेलो. पुस्तक तेव्हा माझ्या ड्रॉवरमध्ये वर्षभर पडलेलं होतं.

सत्त्याण्णव साली सेठने ऑफिस बंद केलं. ड्रॉवर रिकामा करताना पुस्तक हातात आलं, आणि या वेळी ते ठेवायला दुसरा ड्रॉवर नव्हता. काकांचे जुने कागदही गुंडाळी करून घेतले आणि मोरिवलीला गेलो.

काकींनी दार उघडलं. काका आतल्या खाटेवर बसले होते, दाराच्या दिशेने तोंड करून, पण माझ्या जरा डावीकडे बघत. मला कळायला क्षणभर लागला.

"कोण गं?"

"तुमचे इंजिनेर आलेत," काकी म्हणाल्या.

"ये ये! चहा टाक गं. बिनसाखरेचा मला, याला भरपूर साखर. उंची वाढली का रे तुझी? आवाज वरून येतोय."

"काका, मी उभा आहे."

"मग बस की."

मी बसलो. आणि बोलून टाकलं. पाठ करून गेलो होतो, पण पाठ केलेलं विसरलो आणि कसंही सांगितलं. कोनमापक, चोवीस, एकतीस, अठ्ठावीस. तुमचा हात हलतोय असं वाटलं. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. पाहुण्यांचं पत्र. मग तुमचेच कागद जसेच्या तसे चढवले. अब्बांनी पुस्तक पूर्ण वाचलं. काका, तुमचं एकही अक्षर चुकलं नव्हतं. तुमचा डोळा चांगला होता.

काकींनी गॅस बारीक केला.  मग काकांनी हात पुढे केला. मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पान उलटलं, त्यावरून तळवा फिरवला.

"अठ्ठावीस कुठून आणलास?"

"सरासरी."

"सरासरी," ते म्हणाले, आणि त्यांना हसू आलं. अगदी खरं हसू, पोटातून. मलाही सुटल्यासारखं वाटलं आणि मीही हसलो. माझ्या मूर्खपणावर लोक हसले की मला नेहमी बरं वाटतं, माफ केल्यासारखं. मी गुंडाळी सोडून कागदही त्यांच्या मांडीवर ठेवले. हे तुमचे, म्हणालो.

त्यांनी कागदांना हात लावला नाही.

"माझे डोळे कधी गेले गं?"

काकी दारात आल्या. "असं काय विचारता?"

"सांग."

"धाकटीच्या लग्नानंतर. दोन वर्षं होतील आता."

"आणि हे कागद?"

"एक्क्याण्णवचे," मी म्हणालो.

काकांचे ओठ हलले. बोटं हलली, एकेक करून अंगठ्यावर टेकली.

"म्हणजे चार वर्षं होते," ते म्हणाले. "चांगले होते, चार वर्षं."

काकी माझ्याकडे बघत होत्या. चहा उतू जाऊन गॅस फसफसला तरी त्या वळल्या नाहीत. "भाऊ," त्या इतकंच म्हणाल्या.

"तिला बोलू नकोस काही," काका मला म्हणाले, जणू मी बोलणार होतो. मग पुस्तक मिटून बाजूला ठेवलं, आणि माझ्या जरा डावीकडे बघत म्हणाले, "सांगायला नको होतंस, इंजिनेर. मी मशीनचं ऐकून गप्प बसलो होतो. आता कुणाचं ऐकून बसू?"